कापडी ब्लाइंड्स घरच्या घरी कसे स्वच्छ करायचे: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पडदा मळला की रिंगांतून काढायचा आणि मशीनमध्ये टाकायचा, एवढंच आपल्याला घरून ठाऊक असतं. ब्लाइंडला तो नियम लावता येत नाही. कापडामागे रबरासारखा थर असू शकतो, शिवणीत सळया असतात, वर ॲल्युमिनियमची नळी असते, बाजूला साखळी असते. त्यामुळे नव्या घरात पहिल्यांदा ब्लाइंड्स वापरणारी माणसं एक तर त्यांना वर्षभर हातच लावत नाहीत, नाहीतर दिवाळीच्या सफाईत त्यांच्यावरून ओलं फडकं फिरवतात. हे ओलं फडकं सगळ्यात जास्त नुकसान करतं.

आपल्याकडच्या धुळीला पाणी लागलं की तिचा चिखल होतो. तो कापडाच्या विणीत शिरतो आणि वाळला की तपकिरी ओघळ होऊन कायमचा बसतो. म्हणून हे काम आधी कोरडं आणि मग, गरज असेल तेवढंच, ओलं. बहुतेक घरांत कोरडी सफाई नीट केली तर ओल्या सफाईची पाळी वर्षातून एखाद्या वेळीच येते.

आधी आपल्याकडे काय लावलंय ते ओळखा

रोलर ब्लाइंड म्हणजे साखळी ओढली की नळीवर गुंडाळला जाणारा सपाट कापडाचा एकच तुकडा. तो ब्लॅकआउट आहे का हे पाहायला कापडाची मागची, खिडकीकडची बाजू चाचपा. रबरी, गुळगुळीत आणि बहुधा पांढरी लागली आणि दुपारीही उजेड आत येत नसेल, तर तो ब्लॅकआउट. झेब्रामध्ये जाळीदार आणि जाड पट्टे आलटूनपालटून असतात आणि कापडाचे दोन थर एकमेकांसमोर सरकतात. व्हर्टिकल म्हणजे वरच्या पट्टीवरून खाली लोंबणाऱ्या, साधारण चार इंच रुंदीच्या उभ्या पट्ट्या. ऑफिसांत याच जास्त असतात, पण वाशी-नेरुळच्या जुन्या सोसायट्यांमधल्या हॉलमध्येही दिसतात. रोमन ब्लाइंड वर घेतला की साडीच्या निऱ्यांसारख्या आडव्या घड्या पडतात. त्याच्या पाठीमागे सळया आणि दोऱ्या असतात.

भाड्याच्या घरात ब्लाइंड्स मालकाचे असतील तर हात लावण्याआधी प्रत्येकाचे फोटो काढून ठेवा. जुना डाग आधीपासूनच होता हे डिपॉझिट परत घेताना दाखवता आलं पाहिजे.

मळ कसला आहे?

पांढऱ्या सुती फडक्याचं टोक किंचित ओलं करा आणि ब्लाइंडच्या खालच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, हलकेच टेकवा. घासू नका. टोक तपकिरी झालं तर ती साधी माती आणि बांधकामाची धूळ. ती ब्रशने निघते. काळं झालं आणि बोटावर काजळासारखं पसरलं तर तो डिझेलचा धूर. घोडबंदर रोडवरून न्हावा-शेवा ते गुजरात अशी कंटेनरची वाहतूक चालते, शिवाय मेट्रोचं बांधकाम वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे रस्त्याकडच्या खिडक्यांवर माती आणि काजळी असे दोन्ही थर असतात. ठाणे-बेलापूर रोडलगतही हेच. टोक पिवळसर झालं आणि बोट चिकटलं तर तो स्वयंपाकघरातल्या फोडणीचा चिकटा. देवघराजवळच्या ब्लाइंडच्या वरच्या भागात उदबत्ती-धुपाची राखाडी काजळी बसते. हिरवे-काळे ठिपके आणि कुबट वास असेल तर बुरशी. ती वेगळी हाताळावी लागते, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ही चाचणी करताना कापडाचा रंग फडक्यावर उतरतोय का हेही बघून घ्या. उतरत असेल तर त्या ब्लाइंडला पाणी लावायचंच नाही.

कोरडी सफाई

सामान घरातलंच: मऊ केसांचा रुंद ब्रश, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं ब्रशवालं तोंड, जुना सुती बनियन किंवा हातात घालायला जुना मोजा, आणि नाकाला मास्क. रंगकामाचा नवा, कोरडा, मऊ ब्रश उत्तम चालतो. कोपऱ्यांसाठी शेव्हिंग ब्रश.

पंखा बंद करा आणि समोरची खिडकीही लावून घ्या, नाहीतर झटकलेली धूळ सोफ्यावर जाऊन बसेल. सोफ्यावर जुनी चादर टाका. ब्लाइंड पूर्ण खाली सोडा. अर्धा गुंडाळलेला ब्लाइंड साफ केला तर आतल्या वेढ्यांमधली धूळ तशीच राहते आणि पुढच्या वेळी सोडताना खाली सांडते.

आता वरून खाली या. आधी नळीवरची पट्टी, कारण वर्षाची धूळ तिथे साठलेली असते. जळमटंही तिथेच असतात. माती आणून घर बांधणारी कुंभारमाशीसुद्धा याच फटीत मातीचे गोळे चिकटवते. ते गोळे ओले करू नका. सुके असताना जुन्या प्लॅस्टिक कार्डाने उचकटा, अख्खे सुटून येतात.

मग कापड. एका हाताने मागून आधार द्या आणि दुसऱ्या हाताने ब्रश एकाच दिशेने, वरून खाली, न दाबता फिरवा. व्हॅक्यूम असेल तर कमीत कमी ताकदीवर ठेवा. जोरात लावला तर कापड तोंडात ओढलं जातं आणि ब्लॅकआउटच्या थरावर चुणी पडते. ती चुणी तडकली की तिथून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसायला लागतात. ते परत बुजत नाहीत. समोरची बाजू झाली की मागची करा. खिडकीकडची बाजू नेहमी जास्त मळलेली असते आणि नेमकी तीच विसरली जाते. हात पोचत नसेल तर स्लायडिंग काच सरकवून बाहेर वाकायचं नाही, ग्रील असली तरी नाही. ब्लाइंड उतरवून घ्या.

काजळी असेल तर ब्रशसुद्धा नको. घासली की ती पसरते. व्हॅक्यूमचं तोंड कापडापासून बोटभर अंतरावर धरून ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर कोरडं मायक्रोफायबरचं फडकं टेकवायचं, उचलायचं, घडी बदलून पुन्हा टेकवायचं. हे वेळखाऊ काम आहे, पण काजळीला दुसरा उपाय नाही.

झेब्रामध्ये दोन थरांच्या मधे मोजा घातलेला हात घालून अलगद खाली आणा. हा ब्लाइंड घरी उतरवू नये असं मी सांगेन. दोन थरांचे पट्टे एकदा मागेपुढे झाले की पुन्हा जुळवायला ब्लाइंड बसवणाऱ्यालाच बोलवावं लागतं.

पाणी लावायचंच असेल तर

दिवस बघून ठरवा. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हवेतच इतकं पाणी असतं की जाड कापड दोन-दोन दिवस दमट राहतं. खाडीलगतच्या घरांत, म्हणजे पाम बीच रोड, कोपरी, कळवा या भागांत, हे जास्त जाणवतं. पाऊस परतल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात किंवा त्यानंतरच्या थंडीच्या कोरड्या दिवसांत ओली सफाई करा. सकाळी लवकर सुरू करा, म्हणजे वाळायला अख्खा दिवस मिळतो.

दोन लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लोकरी कपड्यांसाठी मिळतं ते पातळ लिक्विड डिटर्जंट. ईझी किंवा तसलंच कुठलंही चालेल. कपड्यांची पावडर, साबणाची वडी, सोडा आणि ब्लीच, सगळं दूर ठेवा. पाणी हाताला सुखद वाटेल एवढंच कोमट. गरम पाण्याने ब्लॅकआउटचा थर मऊ पडतो. दुसऱ्या बादलीत साधं पाणी घ्या. टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल तर हे दुसरं पाणी नळाच्या पिण्याच्या पाण्यातून घ्या, कारण जड पाणी वाळल्यावर गडद कापडावर पांढरे डाग सोडतं. आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार आणखी जास्त असतात. ते लादी पुसायला ठीक आहे, ब्लाइंडला नको.

कोपऱ्यात चाचणी करा आणि ती जागा पूर्ण वाळल्यावरच निकाल बघा. ओलं असताना सगळंच छान दिसतं.

फडकं बुडवून घट्ट पिळा, थेंब पडता कामा नये. कापडाच्या मागे दुसऱ्या हातात कोरडा टॉवेल धरा. पुढून ओलं फडकं टेकवायचं, मागून टॉवेलचा आधार. घासायचं नाही, टिपायचं. काम आडव्या पट्ट्यांनी करा: या कडेपासून त्या कडेपर्यंत एक वीतभर रुंदीचा पट्टा, मग त्याखालचा. मधे फोन आला तरी पट्टा पुरा केल्याशिवाय थांबू नका. अर्धवट ओल्या भागाची कड वाळते तेव्हा तिथे पाण्याची रेघ उमटते आणि ती मूळ मळापेक्षा जास्त डोळ्यांत भरते. एकच डाग काढायचा असला तरी डागाभोवतीचा भाग बाहेरून आत टिपत या आणि शेवटी त्या उंचीचा पूर्ण पट्टा साध्या पाण्याच्या फडक्यावर घ्या. साबण राहिला तर कापड चिकट होतं आणि दुप्पट वेगाने धूळ धरतं, म्हणून साध्या पाण्याचा हात दोनदा.

ब्लॅकआउटच्या रबरी बाजूवर फक्त ओलसर फडकं, तेही एकदाच.

व्हर्टिकलच्या कापडी पट्ट्या मात्र काढून धुता येतात. प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकचा हँगर असतो. तो आकड्यात अडकलेला असतो. हँगर आणि आकडा यांच्यामध्ये जुनं एटीएम कार्ड सरकवा, पट्टी थोडी वर उचला, ती सुटते. खेचू नका. उन्हाने वाळलेला आकडा लगेच तुटतो. पट्टी काढताच तिच्या वरच्या दुमडीत मागे पेन्सिलीने क्रमांक लिहा: खिडकीच्या कडेच्या पट्ट्या उन्हाने जास्त फिक्या झालेल्या असतात, त्या चुकून मध्ये लागल्या तर लगेच कळतं. खालच्या मण्यांच्या साखळ्या हळूच सोडवा आणि तळाच्या खिशातली वजनं काढा. वजन लोखंडी असेल तर धुताना राहिलं की गंजाचा डाग पडेल.

तीन-चार पट्ट्या एकत्र सैल गुंडाळी करून सुती नाडीने बांधा आणि साबणाच्या कोमट पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं उभ्या ठेवा. वरखाली हलवा, घासू नका, पिळू तर मुळीच नका. या कापडाला मुद्दाम कडकपणा दिलेला असतो, त्यात घडी मोडली तर ती इस्त्रीनेही सरळ होत नाही. दोन पाण्यांतून काढा, मोरीत पाणी निथळू द्या आणि ओल्याच पट्ट्या परत रेलवर टांगा. त्या स्वतःच्या वजनाने सरळ वाळतात. खाली जुने टॉवेल पसरा.

रोमन ब्लाइंड वरच्या पट्टीला बहुधा वेल्क्रोने चिकटवलेला असतो. उतरवण्याआधी मागच्या बाजूचे, दोऱ्या कुठल्या कड्यातून कुठे जातात त्याचे, जवळून फोटो घ्या. हे फोटो नसतील तर परत ओवताना अख्खी दुपार जाते. सळया बाहेर सरकवून काढा. साधं सुती किंवा पॉलिएस्टर कापड हाताने धुता येईल, पण आतून अस्तर लावलेलं असेल तर सुती कापड आणि अस्तर कमीजास्त आटतात आणि ब्लाइंडला पोक येतो. अस्तरवाला, रेशमी किंवा लिननचा रोमन ब्लाइंड सरळ ड्रायक्लीनला द्या.

आपल्या घरातले नेहमीचे डाग

हळद. डायनिंग टेबलाजवळच्या ब्लाइंडवर वरणाचा किंवा भाजीच्या रश्शाचा शिंतोडा उडतोच. त्यावर साबणाची वडी लावली की पिवळा डाग डोळ्यांदेखत लालसर होतो, कारण अल्कलीत हळदीचा रंग बदलतो. घाबरून आणखी साबण लावला जातो आणि डाग पसरतो. आधी तेल घालवा: डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर टाका, अर्धा तास ठेवा, ब्रशने झटका. मग वरच्याच सौम्य पाण्याने टिपा. जो फिका पिवळा राहील तो उन्हावर सोडा. हळदीचा रंग उजेडात विरतो. डागावर ऊन पडेल असा ब्लाइंड चार दिवस ठेवा किंवा पट्टी काढून बाल्कनीत टांगा, बहुतेकदा डाग दिसेनासा होतो.

फोडणीच्या चिकट्याला भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात घालून टिपा. पण खरं सांगायचं तर गॅसच्या शेजारच्या खिडकीला कापडी ब्लाइंड लावूच नये. तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा, त्या पुसता तरी येतात.

मारलेल्या डासाचा रक्ताचा डाग थंड पाण्यानेच टिपा, कोमट पाण्याने तो पक्का होतो. चहालाही लगेच थंड पाणी. कबुतराची विष्ठा कोरडी खरवडू नका, तिची पूड श्वासात जाणं धोक्याचं. मास्क आणि हातमोजे घाला, ओल्या टिश्यूने ती मऊ करून उचला, मगच जागा टिपा.

बुरशी

बुरशी पॉलिएस्टरवर नाही, त्यावर साठलेल्या धुळीवर आणि तेलकटपणावर जगते. धूळ असेल आणि ओल मिळाली की ती उगवते. म्हणून मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी, सगळ्या ब्लाइंड्सची एक कसून कोरडी सफाई करा. माझ्या मते वर्षातली सगळ्यात महत्त्वाची सफाई हीच, दिवाळीची नव्हे. पावसाळ्यात स्लायडिंग खिडकीच्या खोबणीत पाणी तुंबून आत येतं, तेव्हा ब्लाइंडची खालची पट्टी खिडकीच्या कट्ट्यापासून चार बोटं वर ठेवा. आणि दिवसभर घर बंद असेल तर ब्लाइंड गुंडाळून ठेवू नका, अर्धा सोडा, म्हणजे हवा खेळती राहील.

ठिपके दिसलेच तर ब्लाइंड शक्यतो बाल्कनीत न्या, मास्क लावा आणि कोरडे ठिपके ब्रशने झटका. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने टिपा, दहा मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने टिपून घ्या आणि खणखणीत उन्हात वाळवा. व्हिनेगरसोबत ब्लीच कधीही वापरू नका, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. वास जाईल, बुरशी मरेल, पण काळे ठिपके जुने असतील तर त्यांची छटा राहू शकते. ब्लॅकआउटच्या थरात बुरशी शिरून तो सुटायला लागला असेल तर तो ब्लाइंड काढून टाका. विशेषतः त्या खोलीत दम्याचं माणूस किंवा लहान मूल झोपत असेल तर वाट पाहू नका.

वाळवणं आणि परत बसवणं

ब्लाइंड पूर्ण खाली सोडलेला, पंखा फुल, खिडकी थोडी उघडी. पाऊस असेल तर एसी ड्राय मोडवर. हेअर ड्रायरची गरम हवा लावू नका. वरून कोरडा लागला तरी खालच्या पट्टीजवळची शिवण आणि कडा हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. तिथे गारवा जाणवला तर आत ओल आहे. रात्रभर तसाच राहू द्या, दुसऱ्या दिवशीच गुंडाळा. ओला गुंडाळलेला ब्लाइंड दोन-तीन दिवसांत वास मारायला लागतो.

रोलर उतरवायचा असेल तर आधी पूर्ण वर गुंडाळा. बहुतेक रोलरमध्ये साखळीच्या विरुद्ध टोकाला आत दबणारी खुंटी असते. ती दाबली की ते टोक ब्रॅकेटमधून सुटतं. हे काम दोघांनी करा, एकाने शिडीवर, एकाने खालून नळी धरायला. प्लॅस्टिकची खुर्ची नको, रुंद पायांचं स्टूल किंवा घडीची शिडी घ्या. खिडकी लावलेली हवी. मोटरवाला ब्लाइंड असेल तर मेन स्विच बंद करूनच हात लावा. तो उतरवू नका, नळीत पाणी जाता कामा नये.

बसवून झालं की साखळी दोनदा वरखाली ओढून बघा. कापड दोन्ही कडांना सारखं गुंडाळलं जातंय ना, कुठे घासत नाही ना. शेवटी साखळीकडे लक्ष द्या. लोंबणारी साखळी लहान मुलांच्या गळ्यात अडकून फास बसू शकतो. सफाईसाठी काढलेला भिंतीवरचा क्लिप परत लावा आणि साखळी त्यात ताणून अडकवा. घरात लहान मूल असेल तर पाळणा, पलंग किंवा खुर्ची त्या खिडकीखालून हलवा.